आतल्या खोलीपर्यंत

१० मार्च, रविवार

काल हिला घरी आणलं. दवाखान्यात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मग आत जाऊन हिलाही तेच सांगितलं, कारण हिने सरळ विचारलंच. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. उत्तर झाकून ठेवलेलं तिला चालत नाही. किती दिवस, ते मात्र त्या बोलल्या नाहीत आणि हिनेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली की माझा पलंग आतल्या खोलीत लावा, मला खिडकी पाहिजे.

डोक्याकडची बाजू वर-खाली होणारा पलंग भाड्याने आणला. तो दारातून आत जाईना, म्हणून दार बिजागरीतून काढून ठेवावं लागलं. आता त्या खोलीला दारच नाही. ही म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला आत यायला काही निमित्त नको."

संध्याकाळी चिरंजिवांचा फोन. तो समुद्रापलीकडे, नोकरी नवी, इतक्यात सुटी मिळत नाही म्हणाला. घरी चांगलं वायफाय घ्या बाबा, म्हणजे मला आईला नीट बघता येईल, फोनच्या नेटवर चेहरा धड दिसत नाही. मला पटलं. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. नळाला पाणी येत नसेल तर आधी लाइन तपासायची, हे मला कोणी शिकवायला नको.

१४ मार्च, गुरुवार

जोडणीवाला आला. माझ्याहून थोडाच लहान, गुडघा धरून जिना चढला. वायर दाराजवळून येते म्हणून राऊटर बाहेरच्या खोलीतच, दाराशेजारी लावला. मी म्हटलं, मला पाहिजे ते आतल्या खोलीत. तो म्हणाला, हवेतून जाईल तितकं जाईल. पासवर्ड डब्याच्या पोटावर छापलेलाच आहे, तो टॅबवर घालून दिला आणि गेला.

बाहेरच्या खोलीत सिग्नल भरपूर. स्वयंपाकघरात बरा. बोळकांडीत एक रेघ. आतल्या खोलीत ती एक रेघही येते आणि जाते. बोळकांडीत आमचं आरशाचं लोखंडी कपाट आहे, त्याच्याकडे बघून जोडणीवाल्याने मान हलवली होती. लोखंड आणि आरसा, दोन्ही याचे शत्रू.

हिने आतून विचारलं, "लागलं का पाणी?"

म्हटलं, लागलं, पण दाब नाही.

१७ मार्च, रविवार

आज पहिला कॉल. हिने निळी शाल घेतली, केस विंचरून घेतले. केस आता फार राहिले नाहीत. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्या दुपारी मशीन थांबवून वर येतात आणि हिचं करतात. त्यांनीच विंचरले. आम्ही त्यांना शिवणबाई म्हणतो. ही त्यांची ताई, म्हणून मी भाऊजी.

चिरंजीव दिसले. ही त्याला अजून ठोंब्या म्हणते, हा बाप्या एवढा साहेब झाला तरी. तो हसला, जेवण कसं आहे, झोप लागते का, सगळं विचारलं. ही बोलता बोलता थोडी दमली आणि मान उशीवर टाकली. त्याने चष्मा काढला, पुसायला असेल, आणि नेमकं तेव्हाच चित्र गेलं. आवाजही गेला. मी टॅब घेऊन बाहेरच्या दारापर्यंत पळालो, काही उपयोग नाही. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, तुमच्याकडचं नेट गेलं वाटतं, पुढच्या रविवारी बोलू.

परत आणून दिलेला टॅब हिने पोटावर तसाच ठेवून दिला होता. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, कपाट हलवतो.

२० मार्च, बुधवार

कपाट हलवलं. आधी रिकामं करावं लागलं, सगळे हिचेच कपडे. मी ते खुर्चीवर रचत होतो आणि ही पलंगावरून बघत होती. दार नसल्याने तिला बोळकांडी सगळी दिसते. एकेक कपडा बघून तो कधी घेतला ते सांगत होती. हिरवा स्वेटर शिवणबाईंना द्या म्हणाली. म्हटलं, कपड्यांचं नंतर बघू, आधी कपाट.

"बसा ना जरा," म्हणाली.

म्हटलं, एवढं सरकवतो आणि बसतो. शिवणबाईंनी एका बाजूने जोर लावला, मी दुसऱ्या. कपाट बाहेरच्या खोलीत आलं. मग फरशीवर चौकोनी काळा डाग राहिला तो घासला. आत गेलो तेव्हा हिला झोप लागली होती.

आतल्या खोलीत आता पक्क्या दोन रेघा. मोठं काम झालं.

२४ मार्च, रविवार

कॉल आणखी लवकर तुटला. आज ही छान बोलत होती. त्याने विचारलं, सुई लावलेला हात अजून दुखतो का. हिने शाल बाजूला करून हात दाखवला. तो बघत राहिला, चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि झालं. काळा पडदा.

दोन रेघा असून हे होतंय, म्हणजे अडथळा नव्हे, गळती आहे.

२७ मार्च, बुधवार

तीन दिवस वाचतोय. आपण किती उघड्यावर राहत होतो ते आत्ता कळलं. राऊटरच्या आत जाऊन त्याची सगळी मांडणी बदलता येते, आणि आत जायचा पासवर्ड कंपनीने सरसकट सगळ्यांना एकच दिलेला असतो. म्हणजे घराला कुलूप आहे, पण किल्ली अख्ख्या गावाकडे. तो आधी बदलला. मग डब्याचं सॉफ्टवेअर नवीन करून घेतलं. बटण दाबून कोणालाही जोडून घ्यायची सोय होती, ती बंद केली.

हे करताना जोडलेली उपकरणं दिसली. माझा फोन, हिचा टॅब, आणि एक तिसरं. आमचं नाही.

मला नोकरीतले दिवस आठवले. चोरून घेतलेली जोडणी कुठे आहे ते मी जमिनीला कान लावून सांगायचो. नेटवर्कचं नाव बदललं, पासवर्ड असा लांबलचक केला की देवालाही लागू नये. हिच्या टॅबवर घालताना मीच तो चार वेळा चुकलो. ही म्हणाली, "यात मला ठोंब्या दिसणार आहे की तिजोरी उघडणार आहे?" हसताना तिला ठसका लागला, पाणी दिलं.

उद्या वरच्या मजल्यावरच्या लोकांची चौकशी करणार.

२९ मार्च, शुक्रवार

वरच्यांची चौकशी केली. ते मला हसले, त्यांच्याकडे आमच्यापेक्षा मोठं कनेक्शन आहे.

दुपारी हिने विचारलं, "सापडला का चोर?" म्हटलं, नाही, पण आता त्याचं बंद झालं. तर म्हणते, चोर इथेच बसलाय, माझी नखं कापतोय.

शिवणबाई मान खाली घालून नखंच कापत होत्या. पासवर्ड हिनेच दिलेला, पहिल्याच आठवड्यात. बाईंच्या गिऱ्हाइकांचे फोटो, मापं, सगळं फोनवर येतं. दोन दिवस त्यांचं काम अडलं होतं आणि त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मला ओशाळल्यासारखं झालं. लगेच उपाय काढला. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. पाहुण्याला नेट मिळतं, पण घरातल्या उपकरणांपर्यंत तो पोचत नाही, सुरक्षिततेच्या दृष्टीने ते फार चांगलं. हिला समजावून सांगितलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. "रोज मला कुशीवर वळवणारी बाई पाहुणी, होय?"

असं म्हणून खिडकीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. शेवटी खाली जाऊन शिवणबाईंच्या फोनवर घरचाच पासवर्ड घालून दिला. त्या म्हणाल्या, राहू द्या भाऊजी, कशाला तसदी. मी जिना चढत असताना लक्षात आलं की नेट बंद होतं त्या दोन्ही दुपारी त्या वर आल्याच होत्या.

३१ मार्च, रविवार

गळती नाही, अडथळा नाही, तरी कॉल तुटला.

३ एप्रिल, बुधवार

कंपनीला फोन लावून धरला. तिथल्या मुलीने माझ्याकडून डबा बंद-चालू करून घेतला, तिकडून काहीतरी तपासलं आणि म्हणाली, तुमची लाइन अगदी स्वच्छ आहे, कॉल पलीकडून बंद होतोय. मी तिला बरंच सुनावलं. आपली जबाबदारी दुसऱ्याच्या हद्दीत ढकलायची ही पद्धत मला ठाऊक आहे, आम्हीही तेच करायचो.

तावातावाने आत गेलो आणि हिला सांगितलं. वाटलं, हीदेखील चिडेल. ही शांत.

म्हणाली, "ती मुलगी बरोबर सांगतेय."

मी म्हटलं, म्हणजे त्याच्याकडचं नेट खराब?

"नेट नाही हो खराब. तोच बंद करतो." मग जरा श्वास घेऊन म्हणाली, "नेट अडकलं की माणूस कसाही अडकतो. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. हा आधी चष्मा काढतो. त्याला रडू येतं, आणि ते मला दिसू नये म्हणून बंद करतो. लहानपणी पडला की टेबलाखाली जाऊन बसायचा, तसाच."

कधीपासून माहीत आहे, विचारलं. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग मला हे सगळं का करू दिलंस? कपाट हलवलं, डबा उघडला, लोकांशी भांडलो.

"तुमच्या हाताला काहीतरी काम लागतं म्हणून," म्हणाली.

ते खरंच आहे. मला रिकामं बसवत नाही, पहिल्यापासूनच.

मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्याला यातलं काही बोलू नका. नेट खराब आहे, असंच राहू दे. मी नसले तरी."

कबूल केलं. मग हात सोडवून घेतला, कारण स्वयंपाकघरात दूध ठेवलं होतं.

७ एप्रिल, रविवार

आज हिने कॉल येताच आधीच सांगून टाकलं, ठोंब्या, आज कॅमेरा नको, आज मी बघण्यासारखी नाही, तूही बंद कर म्हणजे नेटवर ताण येणार नाही. किती सफाईने. तोही लगेच हो म्हणाला.

आणि मग काय बोलले दोघं. मी बोळकांडीत होतो, भिंतीवर नवीन डबा कुठे लावावा ते बघत होतो. सिग्नल पुढे ढकलणारा एक डबा मिळतो, तो मागवलाय. इकडे दोनच रेघा दिसत होत्या आणि आत आवाज स्पष्ट येत होता. तो कुठल्याशा मुलीबद्दल सांगत होता, कामावरची आहे, फार बडबडते म्हणे. ही विचारत होती, तुला बोलू देते का? नाही म्हणाला. मग बरी आहे, म्हणाली. त्याचं हसू ऐकू आलं. कितीतरी वर्षांत त्याचं असं हसू ऐकलं नव्हतं.

कॉल संपल्यावर मला हाक मारली. मी टेप घेऊन शिडीवर होतो, उतरेपर्यंत ती म्हणाली, काही नाही, राहू दे.

१२ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दुखण्याचं औषध वाढवलं. आता बराच वेळ झोपेत असते. जागी असते तेव्हा नजर स्वच्छ. शिवणबाई हातशिलाईचं काम वरच घेऊन येतात, स्टुलावर बसून काजं करतात.

डबा अजून आला नाही. दोनदा फोन केला.

१४ एप्रिल, रविवार

आजही नुसता आवाज. तोच बोलला, ही ऐकत होती, डोळे मिटून. मध्येच तो थांबला, आई, ऐकतेस ना? हिने टॅबवर नखाने टकटक केलं. मग तो पुन्हा बोलायला लागला. शेवटी म्हणाला, सुटीचं होतंय, महिनाअखेरीस येतो.

हिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने खूण केली, येतोय. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

डबा आला. चांगला आहे. उद्या-परवा लावतो.

२० एप्रिल, शनिवार

परवा दुपारी ही गेली.

मी बोळकांडीत डबा बसवत होतो. शिवणबाई आत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, आत या. मी म्हटलं, एक स्क्रू राहिलाय, एवढा पिळतो. त्या म्हणाल्या, "नाही. आत्ता या."

आत गेलो. हिचे डोळे उघडे होते. मी विचारलं, काय पाहिजे? शिवणबाईंनी मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. हिचा हात गार होता, तो मी दोन्ही हातांत धरला. एकदा तिने बोटं हलवली, मला तसं वाटलं. खिडकीतून वारा येत होता. मग थोड्या वेळाने शिवणबाईंनीच तिचे डोळे मिटले.

मी अजून हात धरूनच बसलो होतो, तर त्या म्हणाल्या, फोन करा त्याला. उठलो. फोनवर बघितलं तर त्या खोलीत पाचही रेघा होत्या.

२६ एप्रिल, शुक्रवार

चिरंजीव मिळेल त्या विमानाने आले, पण त्याआधी सगळं उरकावं लागलं होतं. माणसं येऊन गेली. काल पलंगवाला पलंग घेऊन गेला. शिवणबाई स्टूल परत न्यायला लाजत होत्या, ते त्यांचंच होतं, मीच नेऊन दिलं. हिरवा स्वेटरही दिला.

घरात दोघंच. सकाळी त्याने बोळकांडीतला डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, बाबा, हवेतून पाठवण्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत केबलच टाकू, मग कधी अडकणार नाही. मला बरं वाटलं. बाजारात जाऊन केबल, पट्टी, खिळे आणले. तो शिडीवर, मी खाली. हात चांगला आहे त्याचा, खिळा वाकडा जात नाही. दिवसभर छान काम झालं.

दुपारी शिवणबाई आल्या. आम्हाला कामात बघून नुसत्या आतल्या खोलीत जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, थोड्या वेळाने गेल्या. आम्ही तोवर उंबऱ्यापर्यंत पोचलो होतो.

पट्टी ठोकता ठोकता त्याने विचारलं, "बाबा, कॉल बंद पडला की आई काही म्हणायची?"

मी केबल सोडवत होतो. म्हटलं, "म्हणायची, नेट फार खराब आहे."

तो शिडीवर तसाच थांबला. मी वर पाहिलं नाही. मग म्हणाला, खिळा द्या.

३० एप्रिल, मंगळवार

आज तो गेला. जायच्या आधी राऊटरचा पासवर्ड बदलून सोपा करून दिला, तुम्हाला नीट लक्षात राहील म्हणाला. दार बिजागरीत बसवू का विचारलं. म्हटलं, नको.

घरभर सिग्नल उत्तम आहे.

५ मे, रविवार

सकाळपासून काही काम नव्हतं. राऊटर ठीक, केबल ठीक, अपडेट झालेलं. कॉलच्या वेळी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो, मग काय वाटलं कोण जाणे, टॅब घेऊन आतल्या खोलीत गेलो. तिथे आता काहीच नाही, म्हणून खिडकीखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसलो.

चित्र अगदी स्वच्छ आलं. तो म्हणाला, बाबा, जेवलात का. जेवलो. औषध घेतलं का. घेतलं. मग विचारलं, कुठे बसलाय? मी सांगितलं. तो म्हणाला, दाखवा.

मी टॅब सावकाश फिरवला. भिंत, खिडकी, पलंगाच्या चाकांचे फरशीवरचे व्रण, दार नसलेली चौकट. मला वाटलं, आता बंद करेल. त्याने बंद केला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, ते त्याने पुसलंही नाही, बघत राहिला. मीही टॅब माझ्याकडे वळवला आणि तसाच बसलो. खालून मशीनचा आवाज येत होता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तिथे बसायला काही नाही का?"

म्हटलं, नाही, खालीच बसलोय.

मग चित्र हललं, त्याची खोली तिरपी झाली, छत दिसलं, टेबलाचे पाय दिसले. पुन्हा स्थिर झालं तेव्हा तोही तिकडे जमिनीवर बसला होता.